दोन्ही गुडघे झिजलेले, दुखत होता एकच: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी बाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बसते. माझ्याकडे सगळ्यात जास्त लोकं येतात ते गुडघ्यासाठी, आणि त्यातही बाया जास्त. हे प्रकरण मी मावशींना विचारून लिहून राहिली आहे, नाव आणि गाव देत नाही, ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसंच.

मावशींचं वय ५२, वजन ७४ किलो, उंची पाच फुटाच्या थोडी खाली. घरचं चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि त्यात तूर, आणि घरचं काम आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जाणं. शुगर सहा वर्षांपासून, गोळी चालू पण कधी संपली तर आठ आठ दिवस आणायची राहते. नवरा आहे, दम्याचा त्रास असल्यानं जड काम होत नाही. मुलगा तालुक्याला एका दुकानात कामाला, सून अंगणवाडीत मदतनीस. म्हणजे वावरातलं जे वाकून आणि बसून करायचं काम असतं ते जवळपास सगळं मावशींवर.

पावसाळ्यात निंदण सुरू झालं की उकिडवं बसून सरकत सरकत सकाळपासून सांजेपर्यंत काम चालते, बसायचं, उठायचं, गवताचा भारा धुऱ्यावर टाकायचा, परत बसायचं. त्या वर्षी पाऊस लागून आला, गवत भयंकर, आणि मजूर मिळेना म्हणून मावशी एका दिवसाचीही सुट्टी न घेता जात राहिल्या. पोळ्याच्या आसपास उजवा गुडघा दुखायला लागला. सुरुवातीला उठताना कळ यायची, मग पायरी चढताना, आणि मग रात्री झोपेत कुशीवर वळलं की जाग यायची.

माझ्याकडे येईपर्यंत काय काय झालं

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते कारण पुढचा सगळा गुंता इथूनच आहे.

आधी गावातल्या दवाखान्यात कमरेत सुई घेतली, दोन दिवस बरं वाटलं. अशा बऱ्याच सुया झाल्या. मग कोणीतरी सांगितलं की बाजाराच्या दिवशी एक माणूस पुड्या देतो, जडीबुटीच्या, सांधेदुखीवर एकदम रामबाण. मावशींनी घेतल्या. आणि खरंच, दुसऱ्याच दिवशी दुखणं जवळजवळ गायब, भूक चांगली लागायला लागली, अंगात ताकद आल्यासारखं वाटलं. मग दोनेक महिने पुडी चालू राहिली, एक दिवस नाही घेतली की सगळं अंगच दुखायला लागायचं म्हणून परत घ्यायच्या. हळूहळू पुडीचाही असर कमी झाला, उजवा गुडघा पुडी घेऊनही दुखायला लागला, तेव्हा मुलानं जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी हॉस्पिटलात नेलं.

तिथं एक्सरे झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, दोन्ही गुडघ्यांत झीज, ग्रेड ३. सांगितलं की वंगण संपलं, हाडाला हाड घासते, गुडघा बदलावा लागेल, एका पायाचे १ लाख ८० हजार, दोन्ही करून घेतले तर बरं. घरी येऊन नवऱ्यानं बैलजोडी विकायची गोष्ट काढली. मुलानं दुकानमालकाकडे उचल मागून पाहिली. मावशींना कोणी विचारलंच नाही, त्या फक्त म्हणत होत्या की कापूस फुटला हाये, तो वेचून होऊ द्या.

मुलगा माझ्याकडे आला तो एक्सरेची पिशवी घेऊन, एकटाच. म्हणे मॅडम, ऑपरेशनच्या आधी काही व्यायाम असतात म्हणतात, ते लिहून द्या. मी म्हटलं, बाबू, एक्सरे ठेव इथं आणि मायला घेऊन ये.

पहिला निर्णय: आधी एक्सरे की आधी पाय

एक्सरेच्या ग्रेडची जी पद्धत आपण आजही वापरतो ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांची, १९५७ सालची. ० ते ४. ग्रेड ३ म्हणजे सांध्यातली फट बऱ्यापैकी कमी झालेली, कडेला हाडाची टोकं वाढलेली. पण ती ग्रेड दुखणं मोजत नाही. ग्रेड ४ असून वावरात जाणारी माणसं मी पाहते आणि ग्रेड १ असून रडणारी पण पाहते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचाराच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये तर स्पष्ट आहे की वय ४५ च्या वर, चालण्याउठण्यानं वाढणारं दुखणं, आणि सकाळचा आखडलेपणा नाही किंवा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, एवढं असेल तर झिजेचं निदान करायला नेहमी एक्सरे काढायची गरज नाही. उलट माणूस तपासायची गरज मात्र नेहमीच असते.

मावशी आल्या. चालताना उजव्या पायावर वजन कमी टाकत होत्या, दोन्ही पाय गुडघ्यातून थोडे बाहेर वाकलेले, फेंगडे, जे आतल्या बाजूच्या झिजेत होतंच. मी विचारलं डावा दुखते का. म्हणे, "डावा? नाई वो मॅडम, डाव्याचं काईच नाई. उजव्यानंच जीव खाल्ला."

आता हे ऐकून मी एक्सरे परत उजेडासमोर धरला. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी होते. डाव्याची आतली फट उजव्यापेक्षाही कमी होती! म्हणजे जो पाय जास्त झिजलेला तो दुखत नाही आणि जो जरा बरा आहे तो रात्रीची झोप उडवतो. सगळं दुखणं झिजेचंच असतं तर असं कसं होईल? झीज होती, ती कोणी नाकारत नाही, पण हे दुखणं झिजेच्या वर आणखी कशाचं तरी होतं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न "डावा दुखते का" हाच, आणि तो विचारायला एक पैसा लागत नाही.

मग म्हटलं, मावशी, एका बोटानं दाखवा कुठं दुखते. त्यांनी आधी अख्खा पंजा वाटीवर ठेवला, सगळेच ठेवतात. म्हटलं एकच बोट, जिथं सगळ्यात जास्त, तिथं. मग त्या थांबल्या, बोट वाटीवरून आतल्या बाजूला नेलं, सांध्याच्या फटीवरून खाली आलं, आणखी खाली, आणि फटीपासून साधारण चार बोटं खाली नडगीच्या हाडावर आतल्या अंगाला टेकलं. मी तिथं अंगठ्यानं दाबलं तर पायच ओढून घेतला. "हाओ, हेच त! अठीच!" वर सांध्याच्या फटीवर दाबलं तर थोडंसं दुखलं. डाव्या पायावर त्याच जागी दाबलं तर काही नाही.

त्या जागी मांडीतून येणाऱ्या तीन स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात आणि त्यांच्या खाली पाण्याची एक बारीक पिशवी असते, घर्षण होऊ नये म्हणून. ती जागा सुजली, हुळहुळी झाली की त्याला पेस अँसरिन बर्सायटिस म्हणतात. कोणाला होते तर चाळिशी पन्नाशीच्या बाया, वजन जास्त, शुगर आहे, गुडघ्यात आधीच झीज आहे, त्यांना जास्त. आणि लक्षणं पाहा, बसून उठताना, पायरी चढताना, आणि रात्री कुशीवर झोपलं आणि गुडघ्याला गुडघा टेकला की. मावशींची कहाणी तंतोतंत.

बाकीची कारणं कशी बाजूला केली

एक जागा सापडली म्हणून तपासणी तिथंच थांबवायची नसते. गुडघा दुखायची कारणं खूप आहेत आणि आपल्या भागात काही खास आहेत, ती मी रांगेनं पाहत गेले.

सुरुवात धोक्याच्या कारणांपासून. गुडघा गरम, लाल, टम्म सुजलेला, ताप, पाय हलवूच देत नाही, असं असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेला पाहिजे, शुगर असलेल्या माणसात तर नक्कीच. मावशींचा गुडघा गार होता, सूज नाही, ताप नाही. गाऊटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिडच्या सांधेदुखीत, तीही अचानक एका रात्रीत लाल होऊन ठणकते, बहुतेक वेळा आधी पायाचा अंगठा धरते, तसलं काही नव्हतं. संधिवातात, म्हणजे ज्याला आमवात म्हणतात त्यात, सकाळी तासभर किंवा जास्त आखडून राहते आणि हाताची बोटं, मनगटं दोन्ही बाजूंनी सुजतात. मावशींना सकाळी दहापंधरा मिनिटं लागायची, बोटं ठीक. चिकनगुनिया होऊन गेला का तेही विचारलं, कारण २०२४ च्या पावसाळ्यात नागपूरकडे मोठी साथ होती आणि ताप गेल्यावर महिनोन्महिने सांधे धरलेली माणसं अजून येतात. नव्हता.

मग खुबा. गुडघ्याच्या तक्रारीत खुबा फिरवून पाहणं मी कधीच सोडत नाही, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवते, आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो खराब होतो, आणि तरुण पोरगा गुडघा गुडघा करत फिरतो, गुडघ्याचे एक्सरे नॉर्मल येत राहतात. मावशींचा खुबा मोकळा फिरला. कमरेतली नस दबून कळ खाली येते का ते पाहिलं, झोपवून पाय सरळ वर उचलला, काही नाही.

पाणी विचारलं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की नको, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पिलं तर हाडं सांधे आखडतात, पाठ ताठ होते, पोरांचे दात पिवळे तपकिरी पडतात. मावशींच्या गावाला नळयोजनेचं धरणाचं पाणी, पाठ वाकत होती, नातवाचे दात पांढरे. ते कारणही गेलं.

आतली गादी फाटली की गुडघा मधेच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही किंवा चालता चालता सुटल्यासारखा वाटतो, तसं नव्हतं. वाटीच्या मागचं दुखणं समोर असते आणि पायरी उतरताना जास्त, मावशींचं चढताना आणि आतल्या बाजूला. चौदापंधरा वर्षांच्या पळणाऱ्या पोरांना वाटीखालचं टेंगूळ दुखते, कबड्डीत पाय मुरगळून लिगामेंट जाते, ती कारणं या वयात आणि या कहाणीत बसतच नव्हती.

एक शंका मात्र मी खुली ठेवली. पुडीत काय होतं माहीत नाही, स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि दुखणं झटपट दाबणारं औषध, असलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि नडगीच्या वरच्या टोकाला बारीक चीर पडली तर तीही साधारण त्याच बाजूला दुखते. एक्सरेत चीर दिसत नव्हती, पण सुरुवातीच्या एक्सरेत ती दिसतेच असं नाही. म्हणून मुलाला तेव्हाच सांगितलं, दोन हप्त्यांत काहीच उतार पडला नाही किंवा पाय टेकवणं आणखी कठीण झालं तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून पुन्हा एक्सरे किंवा एमआरआय.

दुसरा निर्णय: पुडीचं काय करायचं

दुसऱ्या दिवशीच आराम, भूक वाढली, चेहरा भरला, न घेतली की अंग मोडून येते. हे सगळं ऐकून स्टेरॉइडचा दाट संशय येतो. मुलगा एकदम तापला, म्हणे आजपासून बंद, फेकून देतो. मी त्याला थांबवलं. आठवड्यांवर आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करते, आणि मग एकदम बंद केलं तर उलट्या, चक्कर, बीपी खाली, प्रसंगी जिवावर येते. कमी कसं करायचं हे फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं काम नाही. त्यांना उरलेल्या पुड्यांसकट ग्रामीण रुग्णालयात फिजिशियनकडे पाठवलं, चिठ्ठीत सगळं लिहून दिलं.

तिथं रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, एचबीएवनसी, ९.४, म्हणजे खूपच जास्त. किडनी सुदैवानं ठीक, कारण एवढ्या दुखण्याच्या सुया झाल्यावर तीही भीती होतीच. डॉक्टरांनी पुडी बंद करून मोजून मापून गोळी दिली आणि ती काही हप्त्यांत उतरवत नेली, शुगरची औषधं वाढवली. या काळात मावशी खूप गळून गेल्या होत्या, दुखणंही परत वर आलं, आणि घरच्यांना वाटलं की पुडीच बरी होती. हा काळ सगळ्यात अवघड. सुनेनं तेव्हा फार धीर धरला, रोज फोन करायची, आज चक्कर आली का, जेवल्या का, सगळं सांगायची.

कोणते पर्याय होते

ऑपरेशन आताच करायचं हा एक पर्याय होता आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. खूप झिजलेल्या आणि बाकी सगळं करूनही न ऐकणाऱ्या गुडघ्याला सांधा बदलणं हे खरोखर चांगलं ऑपरेशन आहे, लोकांचं आयुष्य बदलते. पण इथं एक तर दुखणं मुख्यतः सांध्याच्या बाहेरचं, मग सांधा बदलून ते जाईलच याची खात्री काय? दुसरं, शुगर ९.४ वर असताना जखम चिघळायचा धोका जास्त. तिसरं, ५२ वय, म्हणजे पुढे कधीतरी दुसऱ्यांदा करायची वेळ यायची शक्यता साठीपासष्टीच्या माणसापेक्षा जास्त. आणि चौथं, जे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं, की बदललेल्या गुडघ्यानं उकिडवं बसून निंदण करू देत नाहीत. ज्या कामासाठी ऑपरेशन करायचं म्हणत होते तेच काम नंतर सुटणार होतं.

पैशाचीही गोष्ट सांगितली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या संस्थेनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. म्हणजे बिलात इम्प्लांट किती आणि बाकी काय हे वेगळं मागायचा हक्क आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते काय नाही हे योजनेतल्या हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारायचं, बैलजोडी विकायच्या आधी.

मुलानं दुर्बिणीनं साफ करायचं विचारलं, त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. झिजेसाठी त्याचा उपयोग नाही. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला काही लोकांचा गुडघा खरंच दुर्बिणीनं साफ केला आणि काहींना नुसता वरून छेद देऊन शिवला, दोघांचं दुखणं पुढे सारखंच राहिलं. "ग्रीसचं इंजेक्शन", रक्तातून काढून भरायचं इंजेक्शन, ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, यांच्याही मागे असा पक्का पुरावा नाही की गरीब माणसानं उसने पैसे काढून घ्यावं.

दुखऱ्या जागी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन हा पर्याय चांगला होता, ते नेमक्या जागी दिलं तर काम करते. पण त्यानं काही दिवस शुगर वाढते, आणि ती आधीच डोक्यावर, शरीरात पुडीचं वेगळंच. फिजिशियनशी बोलून ते पुढे ढकललं. नाही म्हटलं नाही, पुढे ढकललं.

उरलं ते व्यायाम, वजन, मलम आणि कामाची पद्धत बदलणं. ऐकायला साधं, करायला सगळ्यात कठीण, आणि घरच्यांना वाटते की डॉक्टरनं काहीच केलं नाही.

प्रत्यक्ष काय केलं

पहिली गोष्ट रात्रीची. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपायचं. उशी जास्तीची नव्हती, जुन्या लुगड्याची घडी करून सुनेनं शिवून दिली. दोनतीन रात्रींतच झोप सुधारली, आणि खरं सांगायचं तर मावशींचा माझ्यावर विश्वास त्यामुळेच बसला.

डायक्लोफेनॅकचं मलम दिवसातून तीनचार वेळा दुखऱ्या जागी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. बर्फ घरात नाही, तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं सांजेला दहापंधरा मिनिटं.

व्यायाम मी फक्त चार दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मांडीच्या मागचा स्नायू ताणायचा, बाजेवर बसून. आणि ओसरीच्या ओट्यावरून हाताचा आधार न घेता उठायचं बसायचं. प्रत्येक दहादा, दिवसातून दोन वेळा. वेळ काढून करा असं सांगून काहीच होत नाही हे माहीत असल्यानं जोडून दिलं, सकाळचे चहा उकळेपर्यंत आणि रात्रीचे बातम्या सुरू झाल्या की. करताना थोडं दुखलं तर चालते, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणं जायला पाहिजे, नाही गेलं तर निम्मं करायचं.

काठी घ्यायला नकार. "काठी धरली त लोकं म्हणतीन बुढी झाली." मग म्हटलं, वावरात जाताना रानडुकरांसाठी काठी नेता ना, तीच घ्या. ती चालली. फक्त हात बदलला, काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात धरायची असते, बहुतेक लोकं दुखऱ्याच बाजूला धरतात आणि मग फायदा होत नाही.

कामाचं घरात बसून ठरवलं, नवरा, मुलगा, सून सगळे. निंदण आणि खाली बसून करायचं काम तूर्त बंद. कापूस उभ्यानं वेचता येते म्हणून तो चालू, पण कमरेचं फडकं पूर्ण भरू द्यायचं नाही, अर्ध्यातच रिकामं करायचं. संडासात प्लास्टिकची भोक असलेली खुर्ची ठेवली. चूल खाली होती, सिलिंडर होता पण जपून वापरायचे, तो ओट्यावर घेतला.

वजनाबद्दल मी एकच आकडा सांगितला. झिजलेल्या गुडघ्यांच्या लोकांवर मोजून पाहिलेलं आहे की एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. मावशी दिवसाला पाचसहा कप गोड चहा घ्यायच्या, वावरात तर तोच आधार. तो दोनवर आणला, बिनसाखरेचा जमला नाही म्हणून अर्धी साखर. रात्री भात कमी करून ज्वारीची भाकर आणि वरण, भाजी जास्त. वेगळं काही विकत आणायला लावलं नाही.

काय झालं

दोन हप्त्यांत पाय टेकवणं सुधारलं म्हणून चिरेची शंका मागे पडली. दीड महिन्यात रात्रीचं दुखणं जवळपास गेलं. सुरुवातीला दुखणं दहापैकी आठ सांगायच्या, तीन महिन्यांनी तीन. तीस सेकंदांत खुर्चीवरून उठबस सहा वेळा व्हायची ती अकरावर गेली. वजन ७४ वरून ६९. एचबीएवनसी ७.६.

मग फेब्रुवारीत हरभरा सोंगायला आला. मजूर नव्हते, मावशी बसल्या, चार दिवस सलग. पाचव्या दिवशी तीच जागा, तेच ओढून घेणं. मुलगा परत ऑपरेशनच्या गोष्टीवर आला, की पाहा, व्यायामानं काही होत नाही.

हा तिसरा निर्णय. कारण स्पष्ट होतं, चार दिवस उकिडवं. सांधा गार, सूज नाही, डावा पाय अजूनही शांत. आता शुगरही हातात होती, मग जे पुढे ढकललं होतं ते इंजेक्शन घ्यायची हीच वेळ. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ऑर्थोपेडिक विभागात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनीही त्याच जागेवर बोट ठेवलं, एकच इंजेक्शन तिथं दिलं, सांध्यात नाही. चारपाच दिवस शुगर वर राहिली, रोज तपासली, मग खाली आली. दुखणं आठवड्यात उतरलं. ऑपरेशनचं तिथं विचारलं तेव्हा तेही म्हणाले आता गरज नाही.

ते कधी करायचं हेही लिहून ठेवलं आहे, म्हणजे घरात दर महिन्याला वाद नको. सांध्यातलंच दुखणं रोजचं झालं, व्यायाम आणि औषधं नीट करूनही घरातल्या घरात चालणं कठीण झालं, झोप गेली, तर पुन्हा जायचं, आणि तोवर शुगर आणि वजन त्या दृष्टीनं सांभाळायचं. झीज गेलेली नाही. ती राहणार.

काय वेगळं करता आलं असतं

पुड्या दोन महिने चालल्या तेव्हा मावशी कुठंच गेल्या नाहीत असं नाही, मधे एकदा गावच्या उपकेंद्रात सर्दीची गोळी आणायला गेल्या होत्या. तिथं तेव्हा शुगर पाहिली असती तर गोष्ट खूप आधी उघडी पडली असती. म्हणून आता आमच्या भागातल्या आशाताईंना मी सांगते की गुडघेदुखीच्या बाईला पहिला प्रश्न, पुडी चालू आहे का, आणि विचारताना रागावायचं नाही, नाहीतर खरं सांगत नाहीत.

एक्सरे काढणाऱ्या ठिकाणी दोन्ही गुडघे एका फिल्मवर होते, सगळ्यांच्या डोळ्यासमोर, आणि तरीही दोन्ही बदला म्हणून सांगितलं गेलं. न दुखणारा गुडघा बदलायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे, त्यात कोणाचा अपमान नाही.

इंजेक्शन डिसेंबरातच, शुगर आठच्या आसपास आली तेव्हा दिलं असतं तर हरभऱ्याचा झटका टळला असता का, यावर माझं आणि फिजिशियनचं बोलणं झालं. त्यांचं मत, दिलं असतं. माझं मत, दुखणं तीनवर असताना दिलं असतं तर मावशी आणखी लवकर बसून कामाला लागल्या असत्या. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण हंगाम पाहून आधीच योजना करायला हवी होती हे दोघांनाही पटलं, जानेवारीतच विचारायचं, हरभरा कोण सोंगणार.

या पावसाळ्यासाठी तेच केलं आहे. मुलानं शेजारच्या दोन शेतकऱ्यांसोबत मिळून सायकल कोळपं घेतलं, ते उभ्यानं चालते, ओळींमधलं गवत त्यानं निघते. झाडाजवळचं जे हातानं काढावं लागते ते सून आणि रोजीच्या दोन बाया करतील, आणि त्यांचा चहापाणी, हजेरी, भारे मोजणं मावशींकडे. मावशींना हे अजून पूर्ण पटलेलं नाही, परवा म्हणाल्या, "वावरात उभं राहून नुसतं पायणं मले जमत नाई." त्यांना मी अर्धा तास निंदणाची मुभा दिली आहे, बसायला वीतभर उंच लाकडी पाट घेऊन, आणि दर दहा मिनिटांनी उठून.